आबाजींनी पेटी का सोडली

मी नऊ वर्षांचा असताना माझ्या आजोबांना चारचौघांत एक प्रश्न विचारला होता. "आबाजी, तुम्ही मंडळाचे पैसे खाल्ले का?"

ओसरीवर चार-पाच माणसं बसली होती, चहा चालला होता. आबाजी फडक्यानं पेटीच्या पट्ट्या पुसत होते. त्यांनी हात थांबवला नाही, मानही वर केली नाही. आजीनं मला दंडाला धरून आत नेलं. बाहेर माणसांनी चहा संपवला आणि पावसाचा विषय काढला.

प्रश्न माझा नव्हता. शाळेत एका पोरानं मला तो विचारला होता, त्याला त्याच्या घरून मिळाला होता, आणि मी तो जिथं पोचवायचा तिथं पोचवला. पुढची बरीच वर्षं मी हा प्रसंग विसरलो होतो. गेल्या वर्षी ऑफिसात एक माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा तो परत आठवला.

आधी गावाबद्दल सांगतो. वाशीम जिल्ह्यातलं शिरपूर. महाराष्ट्रात शिरपूर बरीच असल्यामुळे आमच्या शिरपूरला 'जैन' लावतात. गावात अंतरिक्ष पार्श्वनाथाचं प्राचीन मंदिर आहे. दोन पंथांच्या वादात ते १९८१ पासून जवळजवळ ४२ वर्षं बंद होतं आणि २०२३ मध्ये उघडलं. माझं सगळं लहानपण त्या कुलपाच्या काळातलं. लांबून आलेले यात्रेकरू झरोक्याला डोळा लावून दर्शन घ्यायचे आणि जायचे. आत काय आहे, कसं आहे, हे ज्यानं त्यानं आपल्या मनानं पुरं करायचं. गावातल्या माणसांबद्दलही आम्ही थोडंफार तेच करायचो, असं आता वाटतं.

आबाजी भजनी मंडळाचे पेटीवाले होते. नुसते पेटीवाले नाही, मंडळ तेच चालवायचे. सप्ताहात कोण कधी उभं राहील, कोणत्या अभंगानंतर कोणता, मृदंगाला शाई कधी लावायची, वर्गणीची वही कुणाकडे, सगळं त्यांच्याकडे. पंचवीसेक वर्षं असं चाललं. मग एका कार्तिकात, काकडा चालू असताना, ते पहाटे घरी आले, पेटीवर धडपं टाकलं आणि दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. नंतर कधीच गेले नाहीत.

गावानं कारणं शोधायला दोन दिवससुद्धा घेतले नाहीत. त्या वर्षी नव्या साउंड सेटसाठी वर्गणी गोळा झाली होती, म्हणून पहिलं कारण पैसे. विणेकऱ्याचं शेत आमच्या शेताला लागून, म्हणून दुसरं कारण धुऱ्याचा वाद. तिसरं, त्यांना माझ्या बाबांना पेटीवर बसवायचं होतं आणि मंडळानं नाही म्हटलं. (बाबांना 'सा' कुठे आहे हे आजही दाखवावं लागतं.) चौथं, कोणी तरी करणी केली. आबाजी कशालाच उत्तर देत नव्हते, त्यामुळे चारही कारणं टिकली. त्यातलं पैशाचं जरा जास्त टिकलं, कारण ते नऊ वर्षांच्या पोरालाही समजण्यासारखं होतं.

आता पुण्यात, हिंजवडीत.

आमचा लीड सहा वर्षं त्याच प्रॉडक्टवर होता. मी कॉलेजातून थेट त्याच्या टीममध्ये आलो. माझा पहिला कोड त्यानं ३१ कॉमेंट टाकून परत पाठवला होता आणि प्रत्येक कॉमेंटच्या शेवटी 'बरोबर आहेस, पण' असं होतं. कामाच्या वेळी त्याच्या कानात मोठे हेडफोन असायचे. मी एकदा विचारलं, एवढं काय ऐकतोस? म्हणाला, "मालर." मला वाटलं एखादा डीजे असेल. त्यानं सांगितलं की गुस्टाव्ह मालर हा शंभर वर्षांपूर्वीचा संगीतकार, आणि दहा वर्षं व्हिएन्नाच्या ऑपेराचा संचालक. मी 'अच्छा' म्हणून माझ्या स्क्रीनकडे वळलो.

वर्षभर रखडलेली मोठी रिलीज एका गुरुवारी लाइव्ह गेली. सोमवारी त्याच्या राजीनाम्याचा मेल आला. तीन ओळींचा मेल, कारण नाही.

आमचा आठ जणांचा एक ग्रुप आहे, मॅनेजर नसलेला. त्यात पहिला मेसेज माझा होता: 'दुप्पट पॅकेज मिळालं असणार. नाहीतर रिलीजनंतर तिसऱ्या दिवशी कोण जातं?' पुढे हसणारी इमोजी. संध्याकाळी कँटीनमध्ये दुसऱ्या टीममधल्या मुलीनं मला हीच बातमी सांगितली. आता तिच्यात नव्या कंपनीचं नावही होतं. मी ते ऐकून घेतलं आणि खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं की अरे, म्हणजे खरंच दुप्पट!

नोटीस पिरियड संपला तेव्हा केक आणला होता. सगळे गोल उभे. टीममधल्या सगळ्यात नव्या पोरानं हसत विचारलं, "सर, दुप्पट ना?" सगळे हसले. लीडनं केक कापायचं थांबवलं नाही, मानही वर केली नाही. सारखे तुकडे करत राहिला.

मला एकदम ओसरी दिसली.

त्या रात्री मी मालरबद्दल वाचायला बसलो. लीडला काही बोलता येत नव्हतं, म्हणून निदान त्याच्या हेडफोनमध्ये काय होतं ते बघू, एवढंच डोक्यात होतं. तर मालरची गोष्टही सोडून जाण्याचीच निघाली.

१८९७ मध्ये तो व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा संचालक झाला. ज्यू माणसाला ते पद मिळणं अवघड होतं, म्हणून त्याच वर्षी आधी तो कॅथलिक झाला. त्यानंतर दहा वर्षं त्यानं ते घर अक्षरशः हलवून सोडलं. उशिरा येणाऱ्या प्रेक्षकांना पहिला अंक संपेपर्यंत बाहेर थांबवणं असो की नटांना तालमीत पुन्हा पुन्हा तेच करायला लावणं असो. १९०७ मध्ये तो जाणार अशी कुजबुज सुरू झाली आणि शहरभर तर्कांना ऊत आला. वृत्तपत्रांनी त्याच्याविरुद्ध आघाडी उघडली होती, त्यातल्या काहींना त्याचं ज्यू असणं खुपत होतं. कोणी म्हणे तो स्वतःच्या सिम्फनी वाजवायला फार बाहेर जातो, म्हणून वरचे नाराज. कोणी म्हणे न्यूयॉर्कचा पैसा.

पुढे लिहिणाऱ्यांनी आणखी दोन कारणं त्या वर्षाला जोडून टाकली: त्याची थोरली मुलगी वारली, आणि त्याच्या हृदयात दोष निघाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या वर्षाबद्दल कोणी घाईत सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मुलगी गेली म्हणून त्यानं व्हिएन्ना सोडलं. पण आम्ही लोक बग शोधताना आधी टाइमस्टॅम्प बघतो, तसं इथं बघा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराशी त्याचा करार जूनमध्ये झाला. मुलगी जुलैमध्ये गेली. हृदयाचं निदान त्याच्याही नंतरचं. ज्या दुःखाला आपण कारण समजतो ते जाण्याचा निर्णय झाल्यावर आलं. गोष्ट चांगली वाटावी म्हणून आपणच क्रम बदलून घेतो.

डिसेंबरात निघताना त्यानं ऑपेराच्या नोटीस बोर्डावर सगळ्यांसाठी निरोपाचं पत्र लावलं. त्यात त्यानं कोणावर खापर फोडलं नाही. जे पूर्ण करायचं मनात होतं त्याऐवजी तुकड्यातुकड्यांचं काम मागे ठेवून जातोय, अशा अर्थाचं त्यात होतं. ते पत्र कोणी तरी फाडून टाकलं. ९ डिसेंबर १९०७ च्या सकाळी त्याची गाडी सुटली तेव्हा स्टेशनवर दोनेकशे माणसं निरोपाला जमली होती. चित्रकार क्लिम्ट तिथं होता. गाडी गेल्यावर तो एकच शब्द बोलला असं सांगतात: संपलं. पण ऑपेरा संपला नाही. जानेवारीत नवा संचालक खुर्चीवर बसला.

हे वाचताना मला आबाजींचा आवाज आठवत होता, कारण अशीच एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. ते रेडिओवर नाट्यसंगीत ऐकायचे आणि बालगंधर्वांना 'नारायणराव' म्हणायचे, जसे काही ते मालेगावच्या बाजारात भेटतात. पुण्याला आलो तेव्हा जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व रंगमंदिर मी पहिल्यांदा त्यांच्यासाठी बघितलं होतं. १९६२ मध्ये त्याची कोनशिला स्वतः बालगंधर्वांच्या हातून बसली. १९६८ मध्ये ते उघडलं तेव्हा ते हयात नव्हते.

युरोपात ऑपेरा हाऊस असतं, आपल्याकडे नाटक मंडळी होत्या. फिरतं बिऱ्हाड, पण बाकी सगळं तेच: गाणारे नट, साजिंदे, कर्ज, मालक, आणि मालक कोण यावरून भांडण. त्यातली एक जुनी आणि मोठी म्हणजे किर्लोस्कर नाटक मंडळी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' केलं तिथून ती सुरू होते. १९०५ मध्ये नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, तिच्यात आले. १२ मार्च १९११ ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्याच वर्षाच्या अखेरीस मंडळीचे मालक आणि नायक नानासाहेब जोगळेकर गेले. त्यांचा धैर्यधर गोविंदराव टेंबे करू लागले. 'मानापमान'च्या चाली त्यांच्याच होत्या. कारभार शंकरराव मुजुमदारांच्या हाती आला.

१९१३ च्या मेअखेरीस मंडळीनं नवं नाटक आणलं, खाडिलकरांचं 'विद्याहरण'. आणि जुलैमध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे असे तिघं बाहेर पडले. गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. नव्या नाटकाच्या पडद्याला जेमतेम पाच-सहा आठवडे झाले होते. आमची रिलीज आणि सोमवारचा मेल आठवा.

का गेले? कारभारावरची नाराजी, पैशाचे व्यवहार, मालकीतला वाटा, मान, अशी कारणं त्या काळच्या आठवणींमध्ये आणि चरित्रांमध्ये येतात. बोडसांनी पुढे 'माझी भूमिका' लिहिलं, टेंब्यांनी 'माझा जीवनविहार'. मुजुमदार हेही लिहिते गृहस्थ, 'रंगभूमि' मासिक चालवलेले. तिघांमध्ये ज्याच्या जाण्यानं खरी पोकळी झाली त्या नारायणरावांनी आत्मचरित्र लिहिलं नाही. ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं, तोच गप्प.

आणि जाणं तिथं थांबलं नाही. दोनेक वर्षांत टेंबे गंधर्वमधून निघाले आणि त्यांनी शिवराज मंडळी काढली. पुढे बोडसही गंधर्वमधून बाहेर पडले. किर्लोस्करमध्ये १९१४ मध्ये कोवळे दीनानाथ मंगेशकर आले आणि १९१८ मध्ये तेही निघाले, बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. त्याआधी केशवराव भोसल्यांनी सतराव्या-अठराव्या वर्षी आपली मंडळी सोडून १९०८ मध्ये ललितकलादर्श काढली होती. आमच्या भाषेत याला फोर्क म्हणतात. कोणी तरी आधीच्या प्रोजेक्टची प्रत घेऊन बाजूला होतो, आणि त्या प्रतीबरोबर सगळा जुना इतिहासही जातो. गंधर्व मंडळी निघाली ती 'सौभद्र' आणि 'मानापमान' मागे टाकून निघाली नव्हती. मागे राहिलेल्यांनीही ती नाटकं सोडली नाहीत.

एका ठिकाणी मी बराच वेळ थांबलो. नारायणराव गेल्यावर किर्लोस्करच्या त्या बिऱ्हाडात राहिले त्यांचं काय झालं असेल? साजिंदे, दुय्यम नट, आचारी, पेटारे उचलणारे. त्यांना रोज कोणी तरी विचारत असेल, ते का गेले हो? आणि त्या प्रश्नाच्या आत दुसरा एक प्रश्न असतो, जो विचारणारा बोलत नाही: मग तुम्ही अजून इथं का? मला वाटतं तर्क यासाठीच लागतात. 'पैशासाठी गेला' म्हटलं की माझं राहणं आपोआप निष्ठा होतं. 'दुप्पट पॅकेज' लिहिताना मी लीडबद्दल लिहीतच नव्हतो. चार वर्षं त्याच खुर्चीवर मी का बसलोय, याचं उत्तर मी स्वतःला देत होतो.

दिवाळीला गावी गेलो. आबाजींना जाऊन आता सात वर्षं झाली. पेटी अजून आतल्या खोलीत, कोठीवर. आजीला मी पहिल्यांदाच विचारलं. ती हरभऱ्याची डाळ निवडत होती.

"पैसे कायले खातीन ते? त्यायले ऐकूच येत नव्हतं."

"कधीपासून?"

"लय आधीपासून. उजवा कान तर गेलाच होता. गानारा कोन्त्या पट्टीत उभा हाय, थेच समजे ना. कोनाले सांगू नको म्हने."

बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, कान होताच, पण तेवढंच नव्हतं. पोरांना साउंडवर सिनेमाच्या चालीची भजनं पाहिजे होती आणि आबाजींना ती नको होती. त्यावरून दोन वेळा वाजलं होतं. मग पैसे? बाबा जरा थांबले. अडीचशे रुपयांचा हिशोब लागत नव्हता, हे खरं. आबाजींनी खिशातून भरले आणि वही देऊन टाकली. म्हणजे गावाकडे जे होतं ते निव्वळ खोटं नव्हतं. एका कोपऱ्यातलं होतं, झरोक्यातून दिसेल तेवढं.

"वही कोणाला दिली?" मी विचारलं.

आजी म्हणाली, "त्या पोराले. थे नाही का, दुपारी येत जाय तुह्या आबाजीकडे."

आणि मला तो पोरगा आठवला. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. त्या वर्षीच्या पावसाळ्यात रोज दुपारी आमच्याकडे यायचा आणि आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. मला वाटायचं, आबाजी त्याची शिकवणी घेतात आणि त्याला गणित येत नाही म्हणून दार लावतात. आतून पेटीचा आवाज यायचा, तोच तो तुकडा, दहादा. आबाजी कार्तिकात उठले तेव्हा पेटीवर बसणारा माणूस तयार होता. मंडळाची एकही एकादशी चुकली नाही. गाव कारण शोधत बसलं होतं, आणि तेव्हा रोज पहाटे त्याच पेटीवर काकडा होत होता.

आमच्याकडे याला केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. जाणाऱ्यानं आपल्याला येतं ते राहणाऱ्याला देऊन जायचं. रात्री गच्चीवर बसून मी लॅपटॉपमध्ये आमच्या प्रोजेक्टची हिस्ट्री उघडली. लीडच्या राजीनाम्याच्या आधीचे तीन महिने बघितले. जो पेमेंटचा भाग तो कोणालाच हात लावू द्यायचा नाही, त्यातली सगळी कामं त्या तीन महिन्यांत माझ्या नावावर होती. रिव्ह्यू त्याचे. क्लायंटच्या कॉलवर तो मुद्दाम गप्प बसायचा आणि म्हणायचा, "तू सांग." तेव्हा मला वाटायचं, हा आळशी झालाय. एकदा मी ग्रुपवर तसं लिहिलंही होतं.

मी त्याला मेसेज केला. दुप्पट पॅकेजची बातमी माझ्यापासून सुरू झाली होती, सॉरी. का गेलास हे विचारणार होतो, पण ते वाक्य लिहून खोडलं.

वीस मिनिटांनी उत्तर आलं. 'माहीत होतं. पेमेंटचं काय करतोयस?'

मी काय करतोय ते सविस्तर लिहिलं. त्यानं दोन ठिकाणी चुका दाखवल्या. पहिल्या ओळीत होतं, 'बरोबर आहेस, पण'.